पान चारदा वाचलं तरी डोक्यात शिरंना

जून आला की या सदराला येणाऱ्या पत्रांचा नूरच बदलतो. एरवी सासू, नोकरी, जागेचा वाद, आणि आता सगळी ॲडमिशनची. यावेळी गंमत अशी की बारावीच्या पोरांपेक्षा मोठ्या माणसांचीच पत्रं जास्त आलीत, कुणी सहा वर्षांनी परत शिकायलंय, कुणी अठरा, एकजण तर तीस वर्षांनी. म्हटलं या महिन्याचं पान त्यांनाच देऊन टाकूया. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, काळजी नको.

प्रश्न : ताई नमस्कार, मी शिवाजी पेठेत राहतो. वय ३६. बारावी २००७ ला झाली, मग लगेच लग्न, मग दोन पोरं. मोठी आता आठवीत आहे, धाकटा चौथीत, आणि यावर्षी मी बी.ए.ला ॲडमिशन घेतलंय, कॉलेज सकाळचं आहे, सात वीसला पहिला तास. नवऱ्याचा पाठिंबा आहे, सासूबाई काय बोलत नाहीत पण हल्ली भांडी जरा जोरात आपटतात. प्रॉब्लेम वेगळाच आहे. मे महिन्यात सराव म्हणून अर्थशास्त्राचं पुस्तक आणून बसलो तर एक पान चारदा वाचलं तरी डोक्यात शिरंना, पाचव्या ओळीला पोचलो की पहिली गेलेली असते, मग मोबाईल बघतो, मग कुकरची शिट्टी होते आणि झालं. पोरगी म्हणती आई तुझं वय झालं. खरंच डोकं गंजलंय का? फी भरलीय ती वाया जाणार का? आणि अठराच्या पोरांत बसायची लाज वाटते ती वेगळीच.

उत्तर : आधी बाहेरगावच्या वाचकांसाठी एक खुलासा, आमच्या कोल्हापुरात बायका पण "मी राहतो, मी बसतो" असंच म्हणतात, ती छपाईची चूक नाही. मी पण घरात तसंच बोलतो, इथं छापताना आमचे संपादक माझं "गेले, आले" करून टाकतात, पण तुमचं पत्र आहे तसं ठेवायला लावलंय.

आता गंजण्याचं. हॅरी बाहरिक नावाचे अमेरिकेतले एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९८४ साली एक अभ्यास छापला. शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेली ७३३ माणसं त्यांनी तपासली, काहीजण नुकतेच शिकलेले, काहींना शिकून पन्नास वर्षं झालेली, आणि मधल्या काळात बहुतेकांनी ती भाषा वापरलेलीच नव्हती. त्यात असं दिसलं की जे काय विसरायचं ते माणूस पहिल्या तीन ते सहा वर्षांत विसरून मोकळा होतो, आणि त्यानंतर जे उरतं ते पंचवीस-तीस वर्षं जवळपास तसंच राहतं. आता तो अभ्यास भाषेचा होता, तुमचं अर्थशास्त्र आहे, जसाच्या तसा लावता येणार नाही हे मान्य. पण मला त्यातलं एक फार आवडतं, की गॅप अठरा वर्षांचा आहे म्हणून तुम्ही सहा वर्षं गॅप असलेल्यापेक्षा तिप्पट मागं आहात असं काही नसतं. जायचं ते तुमची मोठी बालवाडीत जायच्या आधीच गेलंय. त्यानंतर घसरण नाहीच म्हणा ना.

मग पान का शिरंना? कारण गेलीय ती बसायची सवय. आणि बसायची सवय अठरा वर्षांत तुम्ही मोडली नाही, तुमच्याकडनं मोडून घेतली गेली, कारण घरातली बाई सलग वीस मिनिटं एका जागी बसली तर कुणीतरी हाक मारणारच. तुमच्या डोक्याला दर पाच मिनिटांनी उठायची ट्रेनिंग मिळालीय, आणि ते अगदी शहाण्यासारखं तेच करायलंय. दूध उतू जात नाही ना हे बघणारं डोकं आणि अर्थशास्त्रातली सीमांत उपयोगिता समजून घेणारं डोकं एकच आहे, त्याला फक्त कळत नाही की आता दूध नाहीये.

म्हणून सुरुवात एक तासानं करू नका. पंधरा मिनिटं. खरंच पंधराच. मोबाईल दुसऱ्या खोलीत, सायलेंटवर नव्हे, दुसऱ्या खोलीत, आणि गजर लावायचा असेल तर स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा लावा. पंधरा मिनिटं झाली की समजत असलं तरी उठा. हे विचित्र वाटेल, पण मन लागलेलं असताना उठलं की दुसऱ्या दिवशी बसायला कंटाळा येत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे, याला कुठला अभ्यास-बिभ्यास नाही. आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत न्या.

आणि चारदा वाचणं बंद करा. यावर मात्र अभ्यास आहे आणि तो प्रत्येक आईला माहीत पाहिजे, कारण आपण पोरांना पण "परत वाच, परत वाच" करतोय. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी कॉलेजच्या पोरांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावरचा, एक समुद्रातल्या पाणमांजरांवरचा. एका गटाला तो चार पाळ्यांत वाचायलाच लावला. दुसऱ्या गटाला पहिल्या पाळीत वाचायला दिला आणि पुढच्या तीन पाळ्यांत कागद काढून घेऊन आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढं, ८३ टक्के विरुद्ध ७१. पण आठवड्यानं तपासलं तर उलटं झालेलं, वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. म्हणजे परत परत वाचलं की येतंय असं वाटतं, आणि परीक्षा काय पाच मिनिटांनी नसते.

तर तुम्ही एवढंच करा, अर्धं पान वाचा, पुस्तक मिटा, आणि जे आठवतंय ते तोंडानं सांगा. कुणाला? ती जी म्हणती ना आई तुझं वय झालं, तिला. आठवीच्या पोरीला कळेल असं मागणी-पुरवठा सांगता आला तर तुम्हाला आला. टोमॅटो दहा रुपये किलो झाला की लक्ष्मीपुरीच्या बाजारात काय होतं आणि ऐंशी झाला की काय होतं हे तुम्हाला पुस्तक लिहिणाऱ्यापेक्षा जास्त माहीत आहे, फक्त त्याला तिथं काय नाव आहे ते शिकायचंय. अडखळाल, अडखळू दे, अडखळलेल्या जागीच परत पुस्तक उघडा.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही ती सांगते. हात. मी स्वतः अकरा वर्षांच्या गॅपनं एम.ए.ला गेले तेव्हा मला पहिल्या चाचणीत वीसपैकी सात मार्क पडले, आणि येत नव्हतं म्हणून नव्हे, तर दुसऱ्या पानावर हात इतका भरून आला की मी पुढची उत्तरं चार-चार ओळींत गुंडाळली. अकरा वर्षांत मी पेनानं काय लिहिलं होतं तर किराणाची यादी आणि बँकेच्या स्लिपा. अंगठ्यानं टायपिंग करून करून बोटांना पेन परकं झालेलं असतंय. तेव्हा आजपासून रोज एक पान हातानं लिहा, काहीही लिहा, वर्तमानपत्रातला अग्रलेख उतरवा, सासूबाईंना काय बोलायचं राहिलंय ते लिहा आणि फाडून टाका. सप्टेंबरपर्यंत तीन पानं सलग, न थांबता, वाचता येईल अशा अक्षरात, एवढं टार्गेट ठेवा. परीक्षेत वेळ पुरला नाही म्हणणारी परत शिकायला आलेली माणसं मी खूप बघितलीत, त्यातल्या निम्म्यांना अभ्यास येत होता.

लाजेचं म्हणाल तर ती पहिल्या दिवशी वाटणारच, तिच्यावर माझ्याकडं औषध नाही. माझ्या वेळी ऑफिसच्या खिडकीतला माणूस म्हणाला, मॅडम पालकांनी नाही चालत, स्टुडंटला पाठवा. मागं रांगेत पोरं हसली. मी पण हसले, मग घरी येऊन रडले, आणि दुसऱ्या दिवशी परत गेले कारण फी भरलेली. तिसऱ्या आठवड्यात त्यातलीच एक पोरगी माझ्याजवळ डबा घेऊन बसायला लागली. पोरांना तुमच्या वयाशी फार घेणंदेणं नसतं, त्यांची त्यांची टेन्शनं असतात. फक्त त्यांच्या आईसारखं वागू नका. "केस बांध, नीट बस" तोंडापर्यंत येईल, गिळा.

सासूबाईंच्या भांड्यांचं मला वाटतंय तुम्ही फार मनावर घेताय. कदाचित त्यांना कुणी काही विचारलंच नसेल. सात वीसचा तास म्हणजे घरातला सकाळचा सगळा क्रम बदलणार, आणि तो बदल ज्यांच्या अंगावर येणार त्यांनाच शेवटी कळला असं बऱ्याच घरात होतंय. टाइमटेबल कागदावर काढून फ्रिजवर लावा, भाजी रात्रीच चिरून ठेवा, आणि सहामाही परीक्षेचे दिवस त्यांना आत्ताच सांगून ठेवा, आदल्या दिवशी नको. घरात बसणं जमतच नसेल तर तुमच्यापासनं चालत जाण्यासारखं करवीर नगर वाचन मंदिर आहे की, १८५० सालापासनं लोक तिथं गप्प बसून वाचतायत.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षात असताना वडील गेले आणि कॉलेज सुटलं, चार पेपर राहिलेत. आता प्रमोशनला डिग्री मागतात. तीन शिफ्टमध्ये काम असतंय. जुनंच पूर्ण करू का नवीन सुरू करू, रेग्युलर का बाहेरनं, काहीच कळंना. मित्र म्हणतोय एकजण सहा महिन्यात डिग्री देतो, पैसे भरायचे फक्त.

उत्तर : शेवटच्या वाक्यापासनं सुरू करते भावा, त्या मित्राला चहा पाज आणि घरी पाठव. सहा महिन्यात डिग्री मिळत नाही, सहा महिन्यात कागद मिळतो, आणि कंपनीनं तो पडताळणीला पाठवला की प्रमोशन सोड, असलेली नोकरी पण जाते.

आता जुन्याचं. जुन्या मार्कशीट काढ, त्यावर पीआरएन, म्हणजे विद्यापीठातला तुझा कायमचा नोंदणी नंबर आहे तो लिहून घे आणि आधी कॉलेजात आणि मग विद्यापीठात परीक्षा विभागात स्वतः जाऊन तीन गोष्टी विचार : माझ्या पॅटर्नची, म्हणजे जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा अजून होते का, होत नसेल तर राहिलेल्या पेपरांच्या बदल्यात नवीन अभ्यासक्रमातले कुठले पेपर धरतात, आणि तिसऱ्या वर्षाला बसायला मला मुदत किती उरलीय. फोनवर विचारू नको, फोनवर "या ऑफिसला" एवढंच उत्तर येतंय. एक दिवसाची रजा टाक, सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात गेलास तर रजा पण लागणार नाही. आणि मिळालेलं उत्तर कुणाच्या सहीनं लेखी मिळतंय का बघ, नाहीतर पुढच्या वेळी खिडकीत दुसराच माणूस असतो.

जुनं जुळत असेल तर जुनंच पूर्ण कर, दीड-दोन वर्षं वाचतील. नसेल जुळत तर सायन्सचा हट्ट धरायचा का याचा विचार कर, कारण सायन्स म्हटलं की प्रॅक्टिकल आलं, प्रॅक्टिकल म्हटलं की हजेरी आली आणि तुझी शिफ्ट काही लॅबच्या वेळेप्रमाणं फिरणार नाही. प्रमोशनला "कुठलीही पदवी" चालते का "सायन्सचीच" लागते हे एचआरला आधी विचार, लोक हे विचारतच नाहीत आणि तीन वर्षं घासतात. कुठलीही चालत असेल तर दूरशिक्षण. शिवाजी विद्यापीठाचं स्वतःचं दूरशिक्षण केंद्र आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासनं हेच काम करतंय, दिल्लीचं इग्नू १९८५ पासनं. बाहेरनं केलेली डिग्री कमी दर्जाची असं कोण म्हणालं तर ऐकू नको, मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातली पदवी रेग्युलरच्या बरोबरीची असं यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीतच लिहिलंय. फक्त तुला जो कोर्स करायचाय तो त्या वर्षीच्या यूजीसीच्या मान्यता यादीत आहे का ते बघून मग पैसे भर. विद्यापीठ मान्य असतंय पण तो कोर्स नसतोय, असंही होतंय.

नवीन शैक्षणिक धोरणात अजून एक सोय आहे ती तुझ्यासारख्यालाच उपयोगी. पहिलं वर्ष करून सुटलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांवर डिप्लोमा, तीनवर डिग्री, आणि मिळवलेली क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचे श्रेयांक, ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स नावाच्या सरकारी ऑनलाइन खात्यामध्ये जमा राहतात, जास्तीत जास्त सात वर्षं. म्हणजे उद्या परत घरात काय झालं आणि सोडावं लागलं तर मागच्यासारखं सगळं पाण्यात जाणार नाही. पण ही बँक २०२१ साली आलीय, तुझे त्याच्या आधीचे मार्क तिथं आपोआप जमा असतील असं धरून चालू नको.

अभ्यासाचं तुला मी काय सांगू, तुझ्याच कामातलं आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर भट्टी थंड असते तेव्हा पहिल्याच दिवशी फुल पॉवर देतात का? भट्टीच्या आतलं लाइनिंग तडकतं. हळूहळू तापवत नेतात. तसंच आहे हे. आणि तुझं टाइमटेबल घड्याळावर लावू नको, शिफ्टवर लाव. फर्स्ट असेल तर घरी येऊन जेवून, झोपायच्या आत एक तास. सेकंड असेल तर सकाळी निघायच्या आधी. आणि नाइटच्या आठवड्यात नवीन काही वाचायचंच नाही, फक्त आधीच्या दोन आठवड्यांतलं पुस्तक मिटून आठवायचं, वहीत लिहायचं. झोप काढून अभ्यास केलेला टिकत नाही, आणि फाउंड्रीत अर्धवट झोपेत उभं राहायची जागा नाही. कमवा आणि शिका म्हणणारे कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे, त्यांनी पोरांना शिकता शिकता काम दिलं, तुझं काम करता करता शिकायचं आहे, थोडं उलटं आणि थोडं जास्त अवघड.

प्रश्न : लग्नानंतर नाव बदललं, आधारवर सासरचं नाव, दहावी-बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं. मूळ मार्कशीट पण २०१९ च्या पुरात भिजून गेली. परत ॲडमिशन घ्यायचं तर कुठनं सुरू करू? गॅप सर्टिफिकेट म्हणजे काय असतं?

उत्तर : मार्कशीटपासनं. आपलं विभागीय शिक्षण मंडळ कोल्हापुरातच आहे, सांगली-साताऱ्याची माणसं इकडं येतात, तुम्हाला तर गावातच जायचंय. शाळेतनं दाखला आणि बैठक क्रमांक घ्या आणि डुप्लिकेट मार्कशीटचा अर्ज करा. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत शाळा देते.

नावाचा घोळ मात्र ॲडमिशनच्या आधी मिटवा. मार्कशीटवर एक आणि आधारवर दुसरं असलं की ऑनलाइन फॉर्म मधेच अडकून बसतो आणि शेवटच्या तारखेला नेट कॅफेत रडायची वेळ येते. मॅरेज सर्टिफिकेट लागतंच, नाव बदलल्याचं सरकारी गॅझेट केलेलं असेल तर उत्तमच. माझं वैयक्तिक मत विचाराल तर शिक्षणाच्या कागदावर सगळीकडं दहावीचंच नाव चालू ठेवा, सासरचं नाव घरी, सोसायटीत, रेशनकार्डावर लावायचं तर लावा. डिग्रीवर एक आणि दहावीवर एक झालं की पुढं प्रत्येक नोकरीत पुरावे देत बसावं लागतंय.

गॅप सर्टिफिकेट म्हणजे काय भारी नसतं, या काळात मी दुसरीकडं कुठं शिकत नव्हतो आणि अमुक कारणानं शिक्षण थांबलं होतं असं प्रतिज्ञापत्र. कारण खरं लिहा, "घरगुती अडचण" एवढं पुरतं, अख्खी कहाणी नको.

प्रश्न : माझी मुलगी २० वर्षांची आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात होती. मन ठिकाणावर नव्हतं म्हणून चौदा महिने घरी आहे, डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू आहे, आता बरीच बरी आहे आणि डॉक्टर म्हणालेत कॉलेज सुरू करायला हरकत नाही. पण मलाच भीती वाटते. परत तसं झालं तर? पाहुणे विचारतात काय झालं होतं. तिचे मित्र शेवटच्या वर्षाला गेले. मी तिला कसं पाठवू?

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही "कसं पाठवू" लिहिलंय, तिला काय वाटतंय हे अख्ख्या पत्रात कुठंच नाही, आणि त्यात तुमची चूक नाही, चौदा महिने तुम्ही तिच्या वतीनं सगळं ठरवत आलात, ठरवावंच लागलं. पण आता पहिला प्रश्न तिला विचारा, तुला जायचंय का, आणि कशाची जास्त भीती वाटते. उत्तर "अभ्यासाची" येईल असं नाही. बऱ्याचदा ते "कॅन्टीनमध्ये कुणाबरोबर बसू" असं असतंय.

डॉक्टरांकडं कॉलेज सुरू व्हायच्या आधी एकदा जाऊन या आणि नेमकं विचारा. गोळीनं सकाळी झोप येत असेल तर वेळ बदलता येते का, परीक्षेच्या दिवसात काय करायचं, आणि कुठली लक्षणं दिसली तर लगेच यायचं. गोळ्या बरं वाटतंय म्हणून किंवा परीक्षेत सुस्ती नको म्हणून स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत, हे तिला पण माहीत पाहिजे आणि तुम्हाला पण. रात्री-अपरात्री कधी हात-पाय गळाले तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, तो फ्रिजवर नको, तुमच्या दोघींच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

कॉलेजात सगळ्यांना सांगायची गरज नाही पण एकाला सांगा. एखादे सर किंवा मॅडम ज्यांच्याशी तिचं बरं होतं. म्हणजे एखाद्या दिवशी ती तासाला बसू शकली नाही तर हजेरीवरनं वर्गात उभं करून विचारणारं कोणी नको. पहिल्या सेमिस्टरला मार्कांचं टार्गेट ठेवू नका, राहिलेले सगळे विषय एकदम काढायचं तर अजिबात नको. मागचे पेपर दोन टप्प्यात काढले तर आभाळ कोसळत नाही, कोसळल्यासारखं फक्त जुलैत निकाल लागतो तेव्हा वाटतं.

पाहुण्यांसाठी एक वाक्य तुम्ही दोघींनी मिळून ठरवा आणि तेच वापरा. "तब्येत बरी नव्हती, आता परत जातीय." पुढं काय झालं होतं विचारलं तर "चहा घेणार?" कोल्हापूरचा माणूस चहाला नाही म्हणत नाही, विषय तिथंच बदलतो.

आणि एक तुमच्यासाठी. ती घरी आली की दारातच "आज कसं झालं? काय शिकवलं? बरं वाटलं का?" हे नको. मला माहीत आहे जीव राहत नाही. पण तिला ते हजेरीसारखं वाटतंय. खायला द्या, गप्प बसा, सांगायचं असलं की ती सांगेल, आणि नाही सांगितलं तर तो पण एक साधा दिवसच असतो, कॉलेजातनं आलेल्या वीस वर्षांच्या पोरी असंही आईला कुठं सगळं सांगतात. मैत्रिणी पुढं गेल्या हे दुखणारच, तिथं समजावत बसू नका. जुन्या मैत्रिणी तिला चाळायला नोट्स देऊ शकतात, तेवढा एक फायदा.

परत तसं झालं तर, हा तुमचा प्रश्न मी टाळत नाही. होऊ शकतं. तेव्हा काय करायचं हे यावेळी तुम्हाला माहीत असेल, मागच्या वेळी नव्हतं.

प्रश्न : ताई, मी ५४ वर्षांचा, व्हीआरएस घेतलीय, मराठी घेऊन एम.ए. करायलोय, पहिलं सेमिस्टर संपलं. हसतील वाटलं होतं, हसले नाहीत, उलट आता वर्गातली अर्धी पोरं माझ्या नोट्स मागायलीत कारण मी एकटाच रोज सगळ्या तासांना असतो. एकानं तर सांगितलं काका चॅटजीपीटीला विचारा, सगळं लिहून देतंय, कशाला एवढं लिहिताय. नोट्स द्याव्यात का? आणि ते चॅटजीपीटी वापरावं का?

उत्तर : वापरा की. कवितेतला एखादा संदर्भ कळला नाही, इंग्रजी उतारा समजला नाही तर विचारायला बरं आहे, पण ते ठणकावून चुकीचं पण सांगतं, पुस्तकाचं नाव आणि साल सांगितलं की ग्रंथालयात जाऊन तपासा. विद्यापीठात बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे, तुमचं कार्ड असेलच, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग तुमच्याच वयाची माणसं करतात असं माझं निरीक्षण आहे. उत्तर मात्र त्याच्याकडनं लिहून घेऊ नका. परीक्षा हॉलमध्ये ते नसतं, तुमचा हात असतो.

नोट्स द्या. पण वही हातातनं सोडू नका, एकदा मी दिली होती ती परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी परत मिळाली, आणि त्यावर कुणाच्या तरी मिसळीचा कट सांडलेला. झेरॉक्सच्या दुकानात स्वतः बरोबर जा, आणि पैसे त्यांना भरू दे.